रक्त पोचतं तिथवर

प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत माझं टेबल डॉक्टरांच्या खोलीबाहेर आहे. डॉक्टर तपासतात, ऑपरेशन ठरवतात, मग पेशंट माझ्यापुढे येऊन बसतो. तारीख, खर्च, रक्ताच्या तपासण्या, सोबत कोण थांबणार, उपाशी कधीपासून राहायचं, हे सगळं सांगून झालं की मी वही मिटते आणि तंबाखूचं विचारते. वही उघडी असली की माणूस बेताबेतानं बोलतो, पेन खाली ठेवलं की मोकळा होतो. बावीस वर्षं नर्सिंग करून एवढं नक्की कळलं आहे.

*

छापील फॉर्मवर प्रश्न आहे : स्मोकिंग करता का? हो / नाही.

आपल्याकडे या प्रश्नाच्या जाळ्यातून बहुतेक तंबाखू निसटते. 2016-17च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि तंबाखू खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे 24.4 टक्के. चुना लावून तंबाखू मळणारा शेतकरी, मावा खाणारा ड्रायव्हर, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणारी बाई हे तिघंही 'नाही'वर खूण करतात, आणि तिघंही खरंच बोलत असतात. निकोटिन मात्र तिघांच्याही रक्तात असतं. ते फुप्फुसातून आलं की हिरडीतून, याच्याशी रक्तवाहिनीला काही देणंघेणं नाही.

म्हणून मी वेगळं विचारते. सकाळी दात कशानं घासता? जेवण झाल्यावर तोंडात काय टाकता? सुपारी असेल तर त्यात आणखी काय असतं? मित्रांबरोबर चहाला गेलं की? घरात कोण ओढतं? 'कधीतरी' असं उत्तर आलं तर, शेवटचं कधी? पुष्कळ जण तेव्हा खाली बघत 'आज सकाळी' म्हणतात. तिथून पुढे आमचं खरं बोलणं सुरू होतं.

*

मार्चमध्ये आलेल्या ताई. ऊसपट्ट्यातलं गाव, वय चाळीसच्या आसपास, तीन मुलं, दोन सिझेरियन. पोटाची कातडी ओघळून मांडीवर आलेली, घडीत उन्हाळाभर चिघळणारं. बसताना पदर आधी पोटावर ओढून मग बसल्या. पैसे दुधाचे. दोन म्हशींच्या दुधाच्या बिलातून चार वर्षं बाजूला ठेवलेले. "घरात म्हणत्यात, हौस कशाला या वयात. हौस न्हाई ताई, वाकून भांडं घासताना पोट आधी आडवं येतंय."

कॉस्मेटिक या शब्दात असं बरंच काही दडलेलं असतं. हे ऑपरेशन जिवावरचं नाही, पुढे ढकलता येतं, एवढाच त्याचा वैद्यकीय अर्थ. माणसाला ते किती हवं आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही.

दात कशानं घासता, विचारल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवली. झाकण उघडताच करपलेल्या तंबाखूचा वास. माझ्या आजोळी बायका दुपारी चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायच्या, पार काळी कोळसा होईपर्यंत, मग खलबत्त्यात कुटायच्या. भाजताना सगळ्या घराला ठसका लागायचा. तोच वास. ताईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट टोकाला काळसर तपकिरी झालेलं होतं, नखाच्या कडेपर्यंत.

"दिवसातनं किती वेळा?"

"सकाळी, जेवल्यावर, झोपताना. मधी डोकं दुखलं तर."

*

तंबाखूमुळे ऑपरेशननंतर कातडी का मरते, हे समजावायला मला शेतकऱ्यांनीच भाषा दिली.

टमी टकमध्ये, म्हणजे ओघळलेल्या पोटाच्या ऑपरेशनमध्ये, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत खालून छेद घेतात. कातडी आणि चरबीचा थर स्नायूंपासून सुटा करत बरगड्यांपर्यंत उचलतात, खाली ओढतात, जास्तीचा भाग कापतात आणि शिवतात. स्नायूंतून वर येणाऱ्या ज्या बारीक रक्तवाहिन्या त्या कातडीला पाजत होत्या, त्या या सोडवण्यात तुटतात. मग वरून आणि दोन्ही बगलांकडून जे रक्त सरकत येईल, त्यावरच तो पदर जगतो. सगळ्यात लांब पडतो तो मधला भाग, बेंबीच्या खाली आणि टाक्यांच्या वर.

एका पेशंटचे वडील हे ऐकून म्हणाले, "म्हणजे टेलचं रान की ओ!" कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याला पाणी शेवटी मिळतं. वरच्यांनी दारं दाबली तर त्याचं पीक आधी वाळतं. निकोटिन दारं दाबतं. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातल्या चपट्या पेशी एकमेकींना जास्त चिकटतात. ओढणाऱ्याच्या बाबतीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड वर भर घालतो : हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. टेलला थोडं पाणी पोचलंच, तरी त्यात दम नसतो.

तेव्हापासून मी असंच सांगते. मुंबईच्या पेशंटांना कालवा माहीत नसतो. त्यांना सोसायटीच्या टाकीचं आणि वरच्या मजल्यावरच्या नळाचं सांगते.

*

सगळ्या ऑपरेशनांना सारखा धोका नसतो. पापण्यांना रक्तपुरवठा भरपूर, तिथली जखम सहसा पटकन भरते. कातडी जितकी मोठी आणि जितकी लांबवर उचलायची, तितकी काळजी जास्त. फेसलिफ्ट, टमी टक, छाती लहान करणं किंवा उचलणं, ही तिन्ही त्यात वरच्या नंबरावर. फेसलिफ्टमध्ये कानामागचा भाग टेलचा. छातीच्या ऑपरेशनमध्ये स्तनाग्र, कारण ते मांसाच्या एका पट्टीवर जिवंत ठेवून वर सरकवतात.

1984 साली रीस, लिव्हरेट आणि गाय या तिघांनी हजाराहून अधिक फेसलिफ्टच्या पेशंटांचा हिशोब मांडला. कातडी मरून गळण्याचं प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांत सुमारे साडेबारा पट निघालं. चाळीस वर्षं झाली, प्लास्टिक सर्जन आजही तो आकडा सांगतात.

*

कातडीचा तुकडा रक्तावर जगतो, हे पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्याला सव्वादोनशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान 1792च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने त्या कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. 1794 साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे चित्रासह छापून आलं आणि युरोपातल्या सर्जनांनी तिथून ही रीत उचलली.

मला त्यातली एकच गोष्ट वारंवार आठवते. कपाळाचा तुकडा त्यानं पूर्ण कापून काढला नव्हता. दोन भुवयांच्या मधे एक अरुंद दांडी ठेवली, आणि ती साधारण पंचविसाव्या दिवसापर्यंत तोडली नाही. तोवर नव्या जागेहून रक्त यायला लागतं. सूक्ष्मदर्शक नाही, भूल नाही, पण कातडीला रक्त यायला वाट हवी आणि वेळ हवा, हे त्याला माहीत होतं.

ऑपरेशनआधी तंबाखू बंद ठेवायला आम्ही सांगतो ते चार आठवडे आणि त्याचे पंचवीस दिवस यांत तसा थेट संबंध नाही. तरी पेशंटला समजावताना मला तो माणूस आठवतो. त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

*

एक जुनी जखम. मी तेव्हा दुसऱ्या एका रुग्णालयात होते. टमी टकची पेशंट, फॉर्मवर तंबाखू 'नाही'. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा बेंबीखाली तळहाताएवढी जागा जांभळट होती. बोटानं दाबलं तर रंग परत येईना. पाचव्या दिवशी करडी, आठवड्याने काळी, वाळलेल्या चामड्यासारखी कडक, कडेला ओलसर वास. मेलेला भाग कापून काढावा लागला. दोन महिने रोज ड्रेसिंग, मग मांडीची कातडी लावली.

ती मुलगी ड्रेसिंगच्या वेळी कधी ओरडली नाही. एक दिवस माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, मी रोज चार-पाच ओढत होते. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, कसं सांगणार?"

तिची चूक मी कधीच धरली नाही. सासूच्या देखत तिला तो प्रश्न विचारणाऱ्या आम्ही होतो. तेव्हापासून तंबाखूचं विचारताना मी सोबतच्या माणसांना बाहेर चहा घ्यायला पाठवते. नवरा असला तरी. आई असली तर नक्कीच.

*

पोरांचं वेगळं असतं. छाती वाढली म्हणून येणारे वीस-बावीस वर्षांचे मुलगे. पोहायला जात नाहीत, उकाड्यातही जाड टी-शर्ट, खांदे पुढे पाडून चालायची सवय. पोलीस भरतीच्या आधी नाहीतर लग्न ठरल्यावर येतात. सिगारेट बहुतेकांची कॉलेजच्या टपरीवरची, सुटी, कटिंगबरोबर. सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, टपरीवर डबा मात्र आहे तिथेच आहे.

या मुलांना भीती घालून काही होत नाही. त्यांना मी विचारते, टपरीवर तू चहासाठी जातोस, सिगारेटसाठी की मित्रांसाठी? जवळजवळ सगळे म्हणतात, मित्रांसाठी. मग एका मित्राला सांग, म्हणते. सगळ्यांना नको, एकाला. ऑपरेशन कशाचं ते सांगू नकोस, फक्त महिनाभर मला देऊ नकोस एवढं सांग. एकानं परत येऊन सांगितलं की त्या मित्रानंही त्याच्याबरोबर महिनाभर बंद ठेवली होती. मला त्या मित्राला भेटायचं होतं.

*

चारच आठवडे का, असं हुशार पेशंट विचारतात. प्रश्न बरोबर आहे. कार्बन मोनॉक्साइड चार-सहा तासांत निम्मा होतो, निकोटिन दोनेक तासांत. मग आदल्या दिवशी सोडली तर का चालत नाही?

रक्त धुतलं जातं लवकर, पण जखम भरणारी माणसं कामावर यायला वेळ लागतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तंबाखूनं मंदावलेल्या असतात, त्यांना पूर्वपदावर यायला आठवडे जातात. डेन्मार्कमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना मुद्दाम छोट्या जखमा करून पाहिलं. ओढणाऱ्यांच्या 12 टक्के जखमांत जंतुसंसर्ग झाला, कधीच न ओढणाऱ्यांच्या 2 टक्के. चार आठवडे सोडलेल्यांत तो स्पष्ट कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये आणखी पुढचं सांगितलं : चार आठवड्यांनंतरचा तंबाखूविना गेलेला प्रत्येक आठवडा परिणाम 19 टक्क्यांनी सुधारतो. म्हणून आमचे डॉक्टर सहा आठवडे मिळाले तर सहा घेतात.

ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर छातीत कफ वाढतो, त्यापेक्षा चालू ठेवलेली बरी, असं अजून कोणीतरी सांगून पाठवतं. जुना समज आहे तो, नंतरच्या अभ्यासांत टिकला नाही. खोकला काही दिवस वाढू शकतो, पण त्यासाठी ओढत राहणं हा उपाय नव्हे.

*

तपासणी. लघवीत कोटिनिन बघतात. निकोटिनचं शरीरात जे रूपांतर होतं, ते कोटिनिन. ते 16 ते 20 तासांत निम्मं होतं, म्हणून काही दिवस मागचंही सापडतं. तंबाखू ओढा, खा, लावा, तपासणी ओळखते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र मिश्री ओळखत नाही.

मी पहिल्या भेटीतच या तपासणीची पट्टी दाखवते. ही ऑपरेशनच्या आधी करणार आहोत, आणि पॉझिटिव्ह आली तर तारीख पुढे जाईल, पैसे बुडणार नाहीत, कोणी रागावणार नाही. न सांगता केलेली तपासणी मला सापळ्यासारखी वाटते. सापळ्यात सापडलेला माणूस पुढच्या वेळी डॉक्टरच बदलतो आणि तिथे फॉर्मवर 'नाही' लिहितो.

*

एक बँकेतले साहेब. सिगारेट पाच आठवडे बंद, घरच्यांची साक्ष, स्वतःची शपथ. पट्टी पॉझिटिव्ह. चेहरा उतरला. विचारता विचारता कळलं, निकोटिनचं च्युइंगम दिवसाला आठ-दहा. त्यांना वाटलं होतं, औषधाच्या दुकानात मिळतं म्हणजे ते औषध. ते खरंच औषध आहे. त्यानं सिगारेट सुटते, धूर थांबतो, कार्बन मोनॉक्साइड थांबतो, हा फायदा मोठा आहे. डेन्मार्कच्या त्या प्रयोगातही निकोटिनचा पॅच लावलेल्यांच्या जखमा वाईट निघाल्या नव्हत्या. पण कातडी लांबवर उचलायच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक सर्जन निकोटिनच नको म्हणतात, आणि साहेबांचं फेसलिफ्ट होतं. च्युइंगम हळूहळू कमी करून तारीख तीन आठवडे पुढे नेली. खोटं बोलले नव्हते, हे मी त्यांच्या बायकोला मुद्दाम सांगितलं.

व्हेपचंही असंच. आपल्याकडे 2019 पासून बंदी आहे, पण परदेशातून सुट्टीवर येऊन ऑपरेशन उरकणारी मुलं-मुली ते खिशात घेऊन येतात. त्यात धूर नाही, खरं आहे. निकोटिन आहे.

*

आधी सर्जरीच्या पुरुष वॉर्डात होते तेव्हाची गोष्ट. बर्जर्स आजाराचे पेशंट असायचे. तिशी-पस्तिशीचे विडी ओढणारे, पायाचं बोट काळं पडून आलेले. रात्रभर पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून बसायचे, तेवढंच दुखणं कमी व्हायचं. एका बोटानं आलेला माणूस दुसऱ्या वर्षी पंजासाठी यायचा. तो आजार थोपवणारा खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. माझे वडीलही विडी ओढायचे. त्या वॉर्डातून घरी गेल्यावर मी त्यांच्या पायांची बोटं बघायची, ते झोपलेले असताना.

सुंदर दिसायला आलेल्या माणसाशी तंबाखूबद्दल बोलताना माझा आवाज कधी कधी जड होतो, तो तिथून.

*

तंबाखू सोडल्यावरच्या दिवसांचा हिशोब, पेशंटांनी सांगितलेला. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. डोकं जड, चिडचिड, झोप तुटक, हात रिकामे वाटणं. तलफ येते ती काही मिनिटंच टिकते, पण त्या मिनिटांत माणूस एकटा असतो. दुसऱ्या आठवड्यात भूक वाढते. बद्धकोष्ठ होतं, आणि मिश्री लावणाऱ्यांना हेच सगळ्यात पटतं : बघा, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. निकोटिन आतडी हलवतं, ते बंद झालं की आतडी काही दिवस सुस्तावतात, असं समजावलं की पटतं. कोमट पाणी, इसबगोल, सकाळचं चालणं. काहींना डॉक्टर गोळ्या देतात. 1800-11-2356 हा सरकारी क्विटलाइनचा नंबर मी प्रत्येकाच्या फाइलवर लिहिते. तो सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो, पण पाकिटावरचा नंबर वाचला जातो तो पाकीट उघडताना.

आणि ऑपरेशननंतरचे चार आठवडे. हे लोक विसरतात. कातडी उचललेली असते, नवी वाट तयार होत असते, आणि चौथ्या दिवशी पेशंटला बरं वाटलं की तो गच्चीत जातो. घरातल्या ओढणाऱ्यालाही मी बोलावून सांगते : महिनाभर तुम्हीही बाहेर. धूर पेशंटच्या फुप्फुसातही जातो.

*

मिश्रीवाल्या ताई एप्रिलच्या शेवटी आल्या. मधे दोनदा फोन. पहिल्या फोनवर रडल्या, म्हणाल्या, जाऊ दे ते पोट, मला न्हाई जमायचं. मी म्हटलं, आज नका ठरवू, उद्या सकाळी म्हशींची धार काढून झाली की फोन करा. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. दातांना आता काय लावता, विचारलं तर म्हणाल्या, मीठ. बोट नुसतं फिरवायला तरी काहीतरी लागतं.

लघवीची बाटली देऊन बाकावर बसल्या. मी पट्टी बुडवली आणि घड्याळ लावलं. त्या उठून टेबलाशी आल्या, पदर पोटावर धरून. पट्टीवर आधी एक गुलाबी रेघ उमटली. मग शेजारी दुसरी, फिकट.

त्यांचा चेहरा पडला. "दोन आल्या."

गरोदरपणाच्या तपासणीत दोन रेघा म्हणजे आहे. त्यांनी तीन वेळा तसं पाहिलं होतं. या पट्टीवर उलट असतं. दुसरी रेघ कितीही फिकट असली, दिसली म्हणजे नाही. मी पट्टी उजेडाकडे धरून त्यांना दाखवलं, ही बघा, हिचा अर्थ तुमच्या अंगात तंबाखू सापडत नाही.

त्यांनी पट्टी हातात मागितली. खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितली. उजव्या हाताच्या बोटाचं टोक अजून थोडं तपकिरी होतं, नखाच्या मुळाशी मात्र नवी गुलाबी कातडी आली होती.

"ही घरी न्यू का?"

लघवीची असते ताई, कचऱ्यात टाकावी लागते, म्हटलं. मग त्यांनी मुलाला बोलावून मोबाईलवर तिचा फोटो काढून घेतला.